सावकाश घडणारा मेंदू

१९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मेरी-क्लेअर किंग आणि अ‍ॅलन विल्सन या दोघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. डीएनएमधली अक्षरे सरसकट वाचून काढण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे त्यांनी माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिने एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा ती सरासरी ९९ टक्क्यांहून अधिक जुळली. एखाद्या प्राण्याच्या दोन अगदी जवळच्या जातींत असावा तेवढाच हा फरक. पण शरीर, वागणूक आणि बुद्धी पाहावी तर दोघांमधले अंतर डोळ्यांत भरणारे. या कोड्याचे त्यांनी दिलेले उत्तर असे होते, की दोघांकडचा माल जवळपास एकच आहे; फरक आहे तो कोणते जनुक केव्हा, कुठे आणि किती प्रमाणात चालू व्हायचे याच्या नियंत्रणात. तीस वर्षांनी, २००५ मध्ये, चिंपांझीचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि त्या फरकांची मोजदाद करता आली. सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या मजकुरात एकेका अक्षराचे जवळपास साडेतीन कोटी फरक निघाले. शिवाय गाळलेले, घुसलेले आणि दुबार झालेले तुकडे होतेच. यांतले बहुतेक फरक निरर्थक आहेत. ते काळाच्या ओघात आपोआप साचले. मोजक्यांनी मात्र मेंदू बदलला. ते कोणते आणि त्यांनी नेमके काय केले, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या प्रस्तावनेत विषयाची ओळख करून देताना मी एक भूमिकाही मांडणार आहे. गेल्या पंचवीस वर्षांतला पुरावा सलग वाचला, तर माणसाला माणूस करणारे एखादे खास जनुक असल्याचे त्यातून दिसत नाही. दिसते ते असे, की अनेक लहान बदलांनी मिळून मेंदूच्या घडणीचे वेळापत्रक लांबवले. मूळ पेशी अधिक काळ विभागत राहिल्या, चेतापेशींमधली जोडणी उशिरा पक्की होऊ लागली आणि बालपण लांबले. या जनुकांनी माणसाच्या हाती कुठले तयार कौशल्य ठेवले नाही. त्यांनी शिकण्यासाठी अवधी दिला. ही भूमिका मान्य केली की बुद्धी आनुवंशिक की संस्काराने आलेली, या जुन्या वादाची मांडणीच बदलावी लागते. तिच्यावर गंभीर आक्षेपही आहेत आणि त्यांना उत्तर दिल्याखेरीज पुढे जाता येणार नाही.

आधी उलगडा कशाचा करायचा आहे ते पाहू. चिंपांझीच्या मेंदूचे आकारमान साधारण ४०० घनसेंटिमीटर असते, आपले १,३५०च्या आसपास. तीस लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रॅलोपिथेकसचा मेंदू चिंपांझीपेक्षा थोडाच मोठा होता. होमो इरेक्टसच्या काळात तो दुपटीवर गेला. शरीराच्या वजनाच्या दोनच टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही एकूण ऊर्जेच्या पाचव्या हिश्शावर हक्क सांगतो. एवढा खर्च परवडल्याखेरीज तो उत्क्रांतीत टिकला नसता. पण केवळ आकार पाहून भागत नाही. निअँडरथलांची कवटी आपल्याइतकी, किंबहुना किंचित मोठीच होती. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत सुमारे २५७ अब्ज चेतापेशी असतात, आपल्या मेंदूत ८६ अब्ज. मात्र हत्तीच्या बहुतेक चेतापेशी हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत असतात. विचार, योजना आणि भाषा ज्या बाहेरच्या सुरकुतलेल्या थरावर अवलंबून आहेत, त्या कॉर्टेक्समध्ये हत्तीच्या साडेपाच अब्जांच्या आसपास, तर आपल्या सुमारे १६ अब्ज चेतापेशी आहेत. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांनी मेंदूचा लगदा करून पेशींची केंद्रके मोजण्याची साधी पण कल्पक पद्धत काढली, म्हणून हे आकडे हाती आले. तेव्हा जनुकांकडे उत्तर मागायचे ते तीन प्रश्नांचे: कॉर्टेक्समध्ये पेशी एवढ्या कशा झाल्या, त्या एकमेकींशी कशा जोडल्या गेल्या, आणि ही जोडणी पक्की व्हायला किती काळ लागतो.

या शोधाची सुरुवात एका मोठ्या आशेने झाली आणि तिचा इतिहास बारकाईने पाहण्यासारखा आहे. शास्त्रीय लेखांत ‘केई’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतल्या निम्म्या सदस्यांना बोलताना विलक्षण अडचण येत होती. ओठ, जीभ आणि जबडा यांच्या वेगवान हालचालींचा क्रम त्यांना साधत नव्हता. व्याकरणही चुकत होते. २००१ मध्ये सायमन फिशर, अँथनी मोनॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण शोधले: सातव्या गुणसूत्रावरील फॉक्स-पी-२ या जनुकात एका अक्षराचा बदल. पुढच्याच वर्षी असे दिसले, की चिंपांझीच्या आणि आपल्या फॉक्स-पी-२ प्रथिनात दोनच अमिनो आम्लांचा फरक आहे आणि हा बदल गेल्या दोन लाख वर्षांत वेगाने पसरला असावा. भाषेचे जनुक सापडले, असे जगभर छापून आले. मग एकेक पायरी निसटत गेली. २००७ मध्ये निअँडरथलांच्या हाडांतून काढलेल्या डीएनएमध्येही हेच दोन बदल आढळले. म्हणजे ते आपल्यापुरते नव्हते आणि एवढे ताजेही नव्हते. २०१८ मध्ये आफ्रिकेसह अधिक विविध समाजांचे जीनोम घेऊन तपासणी झाली, तेव्हा अलीकडच्या वेगवान निवडीची खूणच उरली नाही. आधीचा निष्कर्ष मर्यादित नमुन्यामुळे निघाला होता. मधल्या काळात झीब्रा फिंच या गाणाऱ्या पक्ष्यात हेच जनुक मंदावले, तर पिल्लू वडिलांचे गाणे अर्धवट शिकते, हेही कळले होते. फॉक्स-पी-२चे महत्त्व यामुळे कमी होत नाही. हालचालींचे क्रम शिकण्यासाठी लागणारी मेंदूतली वाट घडवणारे ते फार जुने जनुक आहे आणि वाणी त्या वाटेवर उभी आहे. पण वाणीला ते आवश्यक आहे याचा अर्थ त्याने वाणी दिली, असा होत नाही. एखादी गोष्ट बिघडल्यावर काय बंद पडते यावरून ती गोष्ट काय निर्माण करते हे ठरवता येत नाही. ही सावधगिरी पुढच्या प्रत्येक प्रकरणात लागेल.

दुसरा मार्ग अधिक फलदायी ठरला. जीनोमची प्रत काढताना कधी कधी एखादा तुकडा दुबार उतरतो. मूळ जनुक आपले काम करत राहते, त्यामुळे नक्कल बदलायला मोकळी असते. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज वेगळे झाल्यानंतर, सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वी, आपल्या वंशात एका जनुकाची अशी अर्धवट नक्कल झाली. तिला आज एआरएचगॅप-११बी म्हणतात. तिचे महत्त्व २०१५ मध्ये ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेतील वीलांड हुटनर यांच्या गटाने दाखवले. या नकलेत पुढे केव्हा तरी एका जागी ‘सी’ या अक्षराऐवजी ‘जी’ आले. एका अक्षराच्या या बदलाने संदेशाची कातरणी वेगळ्या ठिकाणी होऊ लागली आणि त्यातून ५५ अक्षरे गळाली. अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जात असल्यामुळे पुढचे सगळे वाचन सरकले आणि प्रथिनाच्या टोकाला ४७ अमिनो आम्लांची, मूळ जनुकाच्या प्रथिनात नसलेली अशी शेपटी तयार झाली. गर्भाच्या मेंदूत हे प्रथिन पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, म्हणजे मायटोकाँड्रियात, शिरते आणि कॉर्टेक्स घडवणाऱ्या पूर्वपेशींना लगेच चेतापेशी न होता विभागत राहायला भाग पाडते. उंदराच्या गर्भात हे जनुक घातले तेव्हा या पूर्वपेशी वाढल्या आणि एरवी गुळगुळीत असणाऱ्या मेंदूवर काही ठिकाणी वळ्या उमटल्या. २०२० मध्ये जपानी शास्त्रज्ञांच्या साथीने हाच प्रयोग मार्मोसेट या लहान माकडावर झाला. १०१ दिवसांच्या गर्भांत कॉर्टेक्स मोठा झालेला आणि घड्या पडू लागलेला दिसला. संशोधकांनी ते गर्भ जन्मापर्यंत वाढू दिले नाहीत. माणसाच्या जनुकाने मेंदू बदललेले माकड जगात आणण्याचा हक्क आपल्याला आहे का, या प्रश्नाचे उत्तर नसताना थांबणे त्यांनी पसंत केले आणि तो निर्णय योग्य होता.

नक्कल झालेल्या जनुकांत नॉच-२-एनएल या गटाची कथा आणखी बोलकी आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिड हाउसलर आणि ब्रसेल्समध्ये पियेर वांडरहेगेन यांच्या गटांनी ती २०१८ मध्ये एकाच वेळी मांडली. चिंपांझी आणि गोरिला यांच्याकडे या जनुकाचे तुटके, निकामी तुकडे आहेत. आपल्या वंशात तीस ते चाळीस लाख वर्षांपूर्वी असा एक तुकडा मूळ जनुकाच्या मजकुराने दुरुस्त झाला आणि कामाला लागला. त्याचे कामही तेच: पूर्वपेशींचे चेतापेशींत रूपांतर लांबवणे, म्हणजे शेवटी पेशी अधिक मिळतात. पण या नकला पहिल्या गुणसूत्राच्या ज्या भागात बसल्या आहेत, तिथे एकसारखे तुकडे शेजारी आल्यामुळे पुढच्या पिढीसाठी प्रत निघताना गफलत होते. मधला भाग कधी गळतो, कधी दुबार होतो. हा भाग गळालेल्या मुलांत डोके लहान राहण्याचे आणि पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण वाढलेले दिसते. तो दुबार झालेल्यांत डोके मोठे असण्याचे आणि स्वमग्नतेचे. या विकारांत नेमका नॉच-२-एनएलचा वाटा किती, यावर काम चालू आहे. तरी एवढे खरे, की मेंदूच्या वाढीला वाट देणारी रचनाच जीनोमचा तो कोपरा अस्थिर ठेवते. ही किंमत माणूस ही सगळी जात मोजते, काही घरांच्या वाट्याला ती प्रत्यक्ष येते. अशा मुलांकडे पाहताना दोष शोधणाऱ्या नजरेला विज्ञानात काहीही आधार नाही.

पेशींची संख्या झाली, आता जोडणी. एसआरगॅप-२ या जनुकाची नक्कल, एसआरगॅप-२-सी, सुमारे चोवीस लाख वर्षांपूर्वी झाली. ती अपुरी आहे आणि तिच्यापासून बनणारे प्रथिन मूळ प्रथिनाला चिकटून त्याचे काम अडवते. मूळ प्रथिनाचे काम चेतापेशींवरचे बारीक काटे, ज्यांवर इतर पेशींचे संदेश येतात, लवकर प्रौढ करण्याचे. ते अडल्यामुळे काटे सावकाश पिकतात आणि संख्येने अधिक होतात. २०१२ मध्ये फ्रांक पोलो आणि इव्हान आयक्लर यांच्या गटांनी हे दाखवले. पुढे २०२१ मध्ये हे जनुक घातलेल्या उंदरांच्या कॉर्टेक्समध्ये दूरवरच्या पेशींशी अधिक जोडण्या आढळल्या आणि मिशांच्या स्पर्शाने पृष्ठभाग ओळखण्याचे काम ते उंदीर साध्या उंदरांपेक्षा चांगले शिकले. इथे लक्षात घ्यायचे ते हे, की या नकलेने नवे काही जोडले नाही. होते त्याला लगाम घातला आणि त्या लगामातून शिकण्याची क्षमता वाढली.

प्रथिने सांगणारा भाग जीनोममध्ये दोन टक्क्यांच्याही आत आहे. उरलेल्या पसाऱ्यात जनुकांना चालू-बंद करणारे नियामक तुकडे विखुरलेले आहेत आणि किंग-विल्सन यांचा अंदाज खरा ठरला तो तिथे. २००६ मध्ये कॅथरीन पोलार्ड आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: कोट्यवधी वर्षे इतर प्राण्यांत जवळजवळ न बदललेले, पण माणसात झपाट्याने बदललेले तुकडे कोणते? यादीत पहिला आला ११८ अक्षरांचा ‘हार-१’. कोंबडी आणि चिंपांझी यांच्या वाटा वेगळ्या होऊन सुमारे तीस कोटी वर्षे झाली. एवढ्या काळात या तुकड्यात दोन अक्षरे बदलली. चिंपांझी आणि माणूस यांना वेगळे होऊन साठ-सत्तर लाख वर्षे झाली. तेवढ्यात १८ बदलली. गर्भाच्या कॉर्टेक्सला थर बांधायला मदत करणाऱ्या पेशींत, नेमक्या त्या बांधणीच्या आठवड्यांत, हा तुकडा सक्रिय असतो. आज असे सुमारे तीन हजार तुकडे माहीत आहेत. त्यांतल्या ‘हेर-५’ या नियामक तुकड्याची माणसाची प्रत ड्यूक विद्यापीठात उंदरांना दिली, तेव्हा त्यांचा मेंदू चिंपांझीची प्रत दिलेल्या उंदरांपेक्षा सुमारे १२ टक्के मोठा झाला. काही ठिकाणी तर तुकडा गमावूनच बदल घडला. इतर सस्तन प्राण्यांत जपला गेलेला पण माणसात गहाळ झालेला असा एक नियामक तुकडा पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकाशेजारी होता. तो गेल्यामुळे मेंदूच्या काही भागांत तो आवर सैल झाला असावा. या यादीवरही रास्त शंका घेतली गेली आहे. डीएनए दुरुस्त होताना काही अक्षरांना मिळणाऱ्या आपसूक झुकत्या मापामुळेही एखादा तुकडा झपाट्याने बदलू शकतो. त्यासाठी त्याचा उपयोग असायलाच हवा असे नाही. म्हणून जलद बदल हा संशयाचा पुरावा मानावा, निकाल मानू नये.

आता हे धागे एकत्र आणू. पूर्वपेशी जास्त वेळ विभागतात, काटे उशिरा पिकतात, आवर घालणारे तुकडे सैल होतात: प्रत्येक ठिकाणी घडण लांबली आहे. मेंदू उघडून केलेल्या अभ्यासांतही हेच दिसते. जन्माच्या वेळी चिंपांझीच्या पिल्लाचा मेंदू प्रौढ आकाराच्या सुमारे ४० टक्के असतो, माणसाच्या बाळाचा ३० टक्क्यांच्या आसपास. चेतातंतूंवर मायलिनचे आवरण चढण्याचे काम चिंपांझीत वयात येईपर्यंत आटोपते. आपल्यात ते तिशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. कपाळामागच्या भागातली जास्तीच्या जोडण्यांची छाटणीही आपल्यात वयाच्या तिसऱ्या दशकापर्यंत चालते. कोकणातल्या शेतकऱ्याला हळवे आणि गरवे भात ठाऊक असते. हळवे लवकर कापणीला येते. गरवे उशिरा येते, उतारा जास्त देते, पण शेतात जितके दिवस जास्त तितकी पाण्याची गरजही जास्त. माणसाचा मेंदू गरव्या जातीचा आहे. त्याची सगळी ताकद आणि सगळी जोखीम त्या लांबलेल्या हंगामात आहे. ज्या वर्षांत तो अर्धाकच्चा असतो, त्याच वर्षांत त्याच्यावर भाषा, नाती, हस्तकौशल्ये आणि रीती यांची छाप पडते. दुसऱ्यांकडून शिकणारा प्राणी व्हायचे तर मेंदू उशिरा पिकणे ही त्याची पहिली अट आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की हा सगळा पुरावा उंदरांवरचा, माकडांवरचा किंवा काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींच्या गोळ्यांवरचा आहे. त्यावरून माणसाच्या बुद्धीची कथा रचणे म्हणजे ठिपके आपल्याला हवे तसे जोडणे. आक्षेप वजनदार आहे. २०२२ मध्ये टीकेटीएल-१ या जनुकातल्या एका बदलामुळे निअँडरथलांपेक्षा आपल्या कपाळामागच्या भागात चेतापेशी अधिक झाल्या असाव्यात, असा दावा मोठ्या गाजावाजाने झाला. पुढच्याच वर्षी इतरांनी दाखवून दिले, की तो जुना ‘निअँडरथल’ प्रकार आजच्या काही माणसांतही आहे. मेंदूला मिळालेला मोठा धक्का एकाच बदलातून आला, असे म्हणणाऱ्या प्रत्येक दाव्याची गत साधारण अशीच झाली आहे. पण मी मांडतो आहे ते एका जनुकावर उभे नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी, वेगवेगळ्या जनुकांत एकाच दिशेचा परिणाम पाहिला आहे. आणि जनुकांशी संबंध नसलेल्या शरीररचनेच्या अभ्यासांनी तीच दिशा दाखवली आहे. उद्या यांतले एक-दोन दुवे गळाले तरी निष्कर्ष पडत नाही. एकाच दुव्यावर टांगलेले निष्कर्ष आपण याच क्षेत्रात पडताना पाहिले आहेत, म्हणूनच अनेक दुव्यांची ही अट महत्त्वाची आहे.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो. माणसाची खरी झेप संस्कृतीची आहे; शेती, लिपी आणि गणित यांच्यासाठी जीनोम बदलला नाही, मग जनुकांची एवढी चर्चा कशाला? यातला पहिला भाग अगदी खरा आहे. पण संस्कृती कोणत्याही मेंदूत रुजत नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस कीथ आणि कॅथरीन हेज या दाम्पत्याने अमेरिकेत व्हिकी नावाच्या चिंपांझीला स्वतःच्या मुलीसारखे वाढवले. अनेक वर्षांच्या मेहनतीनंतर ती चारच शब्द कसेबसे उच्चारू शकली. तिचा घसा त्यासाठी घडलेला नव्हता हे खरे. म्हणून पुढे चिंपांझींना हातांच्या खुणा शिकवल्या गेल्या. त्या त्यांनी आत्मसात केल्या, पण खुणांचे व्याकरण काही उभे राहिले नाही. याउलट निकाराग्वात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कर्णबधिर मुले मानाग्वाच्या शाळांत प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठांवरून स्पॅनिश शिकवू पाहत होते. मुलांनी आपापसात एक नवीच खुणांची भाषा घडवली आणि मागाहून आलेल्या लहानग्यांनी तिला अधिक पक्के व्याकरण दिले. कोणी न शिकवलेली भाषा मुलांच्या मेंदूने उभी केली, पण ती उभी राहायला सोबत्यांचा समुदाय लागला. जनुके आणि संस्कार यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालणे या पुराव्यापुढे टिकत नाही. जनुकांनी जी घडण अपुरी ठेवली, ती पुरी करण्याचे काम इतर माणसांवर सोपवले आहे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मेंदूची जनुके शोधणे म्हणजे माणसांची प्रतवारी करणाऱ्यांच्या हाती हत्यार देणे, अशी भीती आहे, आणि ती निराधार नाही. २००५ मध्ये शिकागोतील ब्रूस लान यांच्या गटाने मायक्रोसेफॅलिन आणि एएसपीएम या दोन जनुकांचे विशिष्ट प्रकार अनुक्रमे सुमारे ३७ हजार आणि ५,८०० वर्षांपूर्वी उद्भवून वेगाने पसरल्याचे मांडले. ही जनुके बिघडली तर मेंदू फार लहान राहतो, आणि हे प्रकार जगाच्या काही भागांत जास्त, काहींत कमी आढळत होते. बुद्धीच्या वांशिक उतरंडीचे समर्थक लगेच पुढे सरसावले. दोनच वर्षांत वेगवेगळ्या गटांनी हजारो लोक तपासले; या प्रकारांचा ना मेंदूच्या आकाराशी संबंध आढळला, ना बुद्धिमापन चाचण्यांतल्या गुणांशी. २०२२ मध्ये तीस लाख लोकांच्या अभ्यासात शिक्षणाच्या वर्षांशी जोडलेली जवळपास चार हजार ठिकाणे जीनोममध्ये सापडली. एकेकाचा परिणाम नगण्य, आणि सख्ख्या भावंडांत तुलना केली की त्यांची भाकित करण्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते, कारण त्यात घराची परिस्थिती मिसळलेली असते. या पुस्तकात ज्यांची चर्चा आहे ती एआरएचगॅप-११बी, नॉच-२-एनएल किंवा एसआरगॅप-२-सी ही जनुके लाखो वर्षांपूर्वीची आहेत. माणसाच्या प्रत्येक समाजात, प्रत्येक वस्तीत ती आहेत. माणूस आणि वानर यांच्यातला फरक ज्याने पडला, त्यावरून माणसामाणसांतला फरक काढणे ही तर्काची चूक आहे. जन्मावरून विद्येचा अधिकार ठरवणारी व्यवस्था महाराष्ट्राने शतकानुशतके पोसली. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढून तिला उत्तर दिले, ते जनुके माहीत नसतानाच्या काळात. जनुके माहीत झाल्यावर त्या उत्तराला बळकटीच मिळाली आहे: शिकण्यासाठी लांबलेला काळ हा प्रत्येक मुलाचा जैविक वारसा आहे आणि तो कुणाकडून हिरावून घेणे म्हणजे त्याची माणूस म्हणून झालेली घडणच अर्ध्यावर तोडणे.

पुढील प्रकरणे वाचताना एक मर्यादा मनात असू द्यावी. या क्षेत्रातली बरीच माहिती युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवर उभी आहे, आणि फॉक्स-पी-२च्या बाबतीत आफ्रिकेकडे पाहताच निष्कर्ष कसा बदलला ते आपण पाहिले. आपल्याकडे आता पाया पडू लागला आहे. ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाने देशभरातल्या सुमारे दहा हजार व्यक्तींचे जीनोम वाचून जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली केली. आयआयटी मद्रासच्या मेंदू संशोधन केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ हा गर्भावस्थेच्या दुसऱ्या तिमाहीतील मानवी मेंदूचा नकाशा प्रसिद्ध केला. पाच हजारांहून अधिक पातळ छेदांतून, पेशी दिसेल इतक्या बारकाईने, तो तयार झाला आहे. ज्या आठवड्यांत पूर्वपेशींची ती लांबलेली विभागणी चालते, नेमके तेच आठवडे त्यात दिसतात. मराठी विद्यार्थ्याने हा विषय दुसऱ्यांच्या शोधांची हकिकत म्हणून वाचू नये. तपासण्यासारखे खूप उरले आहे आणि त्यातले काही आता आपल्या आवाक्यात आहे.

शेवटी, हा विषय जाणून सामान्य वाचकाने काय करायचे? मेंदूची घडण वीस-पंचवीस वर्षे चालते हे एकदा मान्य केले, की त्या वर्षांत काय होते याची जबाबदारी टाळता येत नाही. गरोदरपणी आयोडीन कमी पडले, तान्हेपणी लोह कमी पडले, रंगातून किंवा धुरातून शिसे शरीरात गेले, तर विकासाच्या त्या खिडकीत झालेले नुकसान पुढे भरून काढणे कठीण होते. बोलणारी माणसे, खेळणारे सोबती आणि शिकवणारे शिक्षक यांची उणीवही त्याच जातीची आहे. आपल्या जीनोमने लाखो वर्षांच्या नैसर्गिक निवडीतून मेंदूला अवधी मिळवून दिला. त्या अवधीत पोषण आणि शिक्षण पुरवण्याचे काम त्याने कुठल्याही जनुकावर सोपवलेले नाही. ते कुटुंबाचे, शाळेचे आणि शासनाचे आहे. हुशार मुले जनुकांतून निवडून काढता येतील का, असे विचारणाऱ्यांना या पुस्तकातले विज्ञान पुरेसे स्पष्ट उत्तर देते: तसे जनुक नाही. प्रत्येक मुलाला त्याचा पूर्ण हंगाम मिळतो आहे का, हा प्रश्न मात्र विज्ञानाने आपल्यापुढे ठेवला आहे आणि त्याचे उत्तर आपणच द्यायचे आहे.